मोहिनीचा मणका आणि मुतखडा

"भेटायला येणाऱ्यांचं मी बघतो! तू फक्त पडून राहा!" योगराजसरांनी छाती पुढे काढून जाहीर केलं.

मोहिनीने डोळे मिटले. डाव्या स्तनातली गाठ काढून चौथा दिवस होता. टाके ओढत होते, बगलेखालची नळी बाटलीत ठिबकत होती आणि तिला जगात एकच गोष्ट हवी होती. दुपारची दोन तास झोप!

पण धुळ्यात पेशंट घरी आला की गल्लीसकट निम्मं देवपूर दारात येतं. आलेला प्रत्येक जण विचारतो, "काय झालं होतं?" इथेच सरांची बोंब! बावीस वर्षं विज्ञान शिकवणारा हा माणूस. फळ्यावर बेडकाचं आतडं न बघता काढतो. बायकोच्या ऑपरेशनचं नाव घ्यायचं म्हटलं की मात्र दातखीळ! म्हणून शाळेत त्यांनी सांगितलं मुतखडा आणि साक्रीच्या वच्छलामावशीला सांगितलं मणका. दोन्हीकडची माणसं एकाच वेळी येऊ शकतात, एवढं काही या विज्ञानाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी मावशी आणि शाळेतले जीवरामसर एकदमच आले. जीवरामसरांनी कुळथाच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. "रोज तीन ग्लास! उरलेल्या खड्याचा भुगा!"

"मणकाना पेशंटले खडानं पानी कसाले?" मावशी कडाडली.

"मणका? मणक्याला कुठे बाटली लावतात?"

दोघांनी योगराजसरांकडे पाहिलं.

"म्हणजे... खडा मणक्याजवळ होता!" सर म्हणाले.

मावशीने एरंडेल तेल तळहातावर ओतलं. "उलटी व्हय पोरी, पाठले तेल लाई देस!" आणि तिने मोहिनीचा डावा हात धरून ओढलाच! सर पंख्याकडे बघत उभे.

"हात सोडा! टाके उसवतील!" मोहिनी ओरडली. "स्तनाचं ऑपरेशन झालंय माझं. कॅन्सरची गाठ होती. मणका नाही यांना, आणि खडे आहेत ते यांच्या डोक्यात!"

जीवरामसर तांब्यासकट चपला शोधू लागले. आता तरी झोपू, असं मोहिनीला वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या शेजारच्या ताईबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, ती गाठ दुखे का?"

"नाही, ताईबाई."

"मन्ही बी दुखत नही. दोन वरीस व्हयनात. सांगू कोनले?"

मोहिनी ताडकन उठून बसली. झोप गेली खड्ड्यात! "अहो, हॉस्पिटलला फोन लावा. आत्ता!"

सरांनी लावला. पलीकडून बाईंनी तक्रार विचारली.

"आमच्या शेजारी एक ज्येष्ठ नागरिक आहेत... त्यांना छातीच्या... साधारण त्या विभागात..."

"हृदयरोगाला जोडून देऊ का?"

"हो हो, चालेल!"

ताईबाईंनी फोन हिसकावला. "ओ बाई, माले थानमा गाठ शे! उद्या सकायले येस!"

योगराजसरांनी घाम पुसला. "मी तेच सांगत होतो!"