चापातील स्क्रू सुरक्षित ठेवण्याबाबत

रोसविथा किनले यांनी जिल्हा स्पर्धेत आयुष्यातले सर्वोत्तम गुण मिळवले आणि पंधरा मिनिटांनी त्या बाद ठरल्या. दोन्ही गोष्टी नियमानुसारच घडल्या. त्यांच्या गटात पिस्तुलाचा चाप हजार ग्रॅमहून हलका असता कामा नये. म्हणून स्पर्धेनंतर रिकामे पिस्तूल उभे धरून चापाला हजार ग्रॅमचे वजन अडकवतात; चाप न सुटता ते टेबलावरून उचलले गेले पाहिजे. किनलेबाईंच्या चापाने तीनदा मान टाकली. आत चापाचा ताण ठरवणारा तिळाएवढा एक स्क्रू असतो, तो उन्हाळाभराच्या हादऱ्यांनी पाव फेरा सैल झाला होता.

बाईंचे वय त्रेसष्ट. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेला. राज्य स्पर्धेसाठीची शेवटची निवडफेरी ऑक्टोबरात होती, आणि पुढच्या वर्षी लक्ष्य दिसेलच याची खात्री डॉक्टरही देत नव्हते.

एकतीस वर्षे त्यांनी गावातल्या चष्म्याच्या दुकानात काड्यांचे स्क्रू बसवले होते. सुटणाऱ्या स्क्रूचे काय करायचे हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून त्यांनी तो स्क्रू काढला, स्पिरिटने पुसला, सुईच्या टोकाने आट्यांवर लाल नेलपॉलिशचा अर्धा थेंब लावला, वजन टांगून तो नेमका बसवला, ओघळ यंत्रात जाऊ नये म्हणून जादाचा रंग टिपून घेतला आणि दिवसभर सुकू दिला. त्यानंतर दोन हजार गोळ्या झाडल्या. स्क्रू केसभरही हलला नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. परंतु हिंटरलाउफन गावच्या नेमबाज मंडळात शस्त्र-निरीक्षक हे पद होते, आणि त्या पदावर एगोन झ्वेरेन्त्स होते.

"किनलेबाई, हा लाल ठिपका कसला?"

"नेलपॉलिश. स्क्रू हलू नये म्हणून."

"म्हणजे प्रसाधनाची वस्तू? चापात?"

"अहो, नखाला लावत नाही मी. स्क्रूला लावलंय."

"तेच तर गंभीर आहे," झ्वेरेन्त्स म्हणाले आणि त्यांनी वही उघडली.

कार्यकारिणीची बैठक मंडळाच्या खाणावळीत, सॉसेज आणि बटाट्याच्या सॅलडसमवेत झाली. अध्यक्ष ओट्टोकार फ्लाइग नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यातून निवृत्त झाले होते, आणि तिथे त्यांच्या कारकिर्दीत एकही घर घाईने उभे राहिले नव्हते.

"नेलपॉलिशला माझी हरकत नाही," ते उदारपणे म्हणाले. "पण स्क्रू घट्ट आहे हे मंडळाला कळणार कसं?"

"मी सांगते ना," किनलेबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगणं हा पुरावा नाही, बाई. ते तुमचं मत झालं."

ठराव झाला. दर शुक्रवारी निरीक्षकांनी प्रत्येक पिस्तुलाचा स्क्रू फिरवून पाहावा आणि तो फिरत नसल्याची खात्री करावी.

पहिल्याच शुक्रवारी झ्वेरेन्त्स यांनी किनलेबाईंच्या स्क्रूला पेचकस लावून जोर दिला. सुकलेला रंग तडकला आणि स्क्रू फिरला.

"फिरला!" झ्वेरेन्त्स यांचा चेहरा खुलला.

"तुम्ही फिरवलात म्हणून फिरला!"

"सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले आणि त्यांनी नोंद केली : सैल आढळला.

मंडळाच्या चौदा पिस्तुलांपैकी चौदाही सैल आढळली. परिस्थिती वाटली होती त्याहून भयंकर निघाली, म्हणून तपासणी आठवड्यातून दोनदा करण्यात आली. त्यामुळे स्क्रू आणखी सैल झाले, आणि सभासद किती बेफिकीर आहेत हे सिद्ध झाले. मग प्रत्येक स्क्रूवर लाखेची मोहर आली. तपासणीसाठी ती फोडावी लागे आणि फोडलेली मोहर हा गुन्हा होता, त्यामुळे झ्वेरेन्त्स दर मंगळवारी व शुक्रवारी चौदा गुन्हे करून त्यांची नोंद चौदा सभासदांच्या नावे करत. लाखेचा चुरा आत जाऊन दोन चाप जाम झाले. त्यांचे स्क्रू मात्र अजिबात हलत नव्हते, म्हणून ती दोन पिस्तुले आदर्श म्हणून काचेच्या कपाटात ठेवण्यात आली.

सप्टेंबरात फ्लाइगसाहेबांना मूळ दोष सापडला.

"स्क्रू सैल का होतो? चापात असतो म्हणून! तो तिथे नसला तर?"

त्याच आठवड्यात सर्व स्क्रू काढून नावानिशी लिफाफ्यांत घातले गेले आणि लिफाफे पोलादी तिजोरीत गेले. स्पर्धेसाठी स्क्रू हवा असल्यास चौदा दिवस आधी अर्ज करायचा होता. किनलेबाईंनी एकोणीस दिवस आधी केला. निवडफेरीच्या आदल्या सकाळी फ्लाइगसाहेबांनी लिफाफा त्यांच्या हाती दिला.

"बसवायचा मात्र नाही हं."

"मग देताय कशाला?"

"तुमचा हक्क आहे तो. बसवण्याची परवानगी तपासणीनंतर मिळेल."

"मग तपासा ना आत्ताच!"

"सुट्या स्क्रूची तपासणी होत नाही, बाई. बसवलेल्याच स्क्रूची होते."

बाई गाडीत येऊन बसल्या. शेजारी त्यांची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण आणि मंडळाचीच सभासद इर्मट्राउड होती. बाईंच्या हातातल्या लिफाफ्यातून तो तिळाएवढा स्क्रू खुळखुळला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"अगं, रडतेस काय? घरी चल आणि बसव गुपचूप!" इर्मट्राउड उसळून म्हणाली. "मी आहे ना तुझ्यामागे. होऊ दे काय व्हायचं ते!"

बाईंनी बसवला. सुई, स्पिरिट, अर्धा थेंब. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळवला. नंतर चापाने हजार ग्रॅमचे वजन तीनदा डौलात उचलले, पंचांनी हात मिळवला, आणि बाईंनी इर्मट्राउडला एवढी घट्ट मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला.

सोमवारी मंडळाने जिल्हा संघटनेला पत्र पाठवून त्यांचे नाव मागे घेतले. कारणाच्या रकान्यात लिहिले होते : स्क्रू विनापरवाना घट्ट आढळला.

राज्य स्पर्धेत हिंटरलाउफनचे कोणीच गेले नाही. नोव्हेंबरातल्या वार्षिक सभेत झ्वेरेन्त्स यांनी अहवाल वाचला : वर्षअखेर सैल स्क्रूंची संख्या शून्य. हीच पद्धत कायमची करावी, असा ठराव फ्लाइगसाहेबांनी मांडला. मागच्या टेबलावर कॉफी निवत होती आणि मनुकांचा केक कापून ठेवलेला होता. हात वर झाले. किनलेबाईंनी शेजारी पाहिले. इर्मट्राउडचाही हात वर होता.

"तू सुद्धा?"

"अगं, सगळ्यांनीच केला. माझ्या एकटीच्या हाताने काय होणार होतं?" इर्मट्राउड कुजबुजली. "आणि खरं सांगू? ठराव कसला होता, तेच नीट ऐकलं नाही मी."

किनलेबाई केक न खाता घरी गेल्या. पिस्तूल त्यांनी विकून टाकले.

तुम्हाला इर्मट्राउडचा राग आला असेल. यायलाच हवा. फक्त तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत सातवा ठराव कशाबद्दल होता, तेवढे आठवून पाहा. तो एकमताने मंजूर झालेला आहे.