कोणाची गोळी राहिली?

एकोडी गावात आमच्या गल्लीतली संध्याकाळची जेवणं आटोपली की हाक येते, "कोणाची गोळी राहिली?" हे आमचे शेजारी सुखदेवकाका. जन्मभर एसटीत कंडक्टर होते, आता गल्लीलाच बस समजतात. तिकिटाऐवजी कोलेस्टेरॉलच्या गोळीची चौकशी. जय भीम झाला की पुढचा प्रश्न तोच. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाच्या आजोबांनाही सोडलं नाही.

हा माणूस थकत कसा नाही, याचं मला खरंच नवल वाटतं. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत गल्लीत घोट्याएवढा चिखल असतो, तरी काका दारात हजर.

माझ्या बाबांना हार्टचा झटका येऊन गेलेला. गेल्या वर्षी त्यांचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल आला अन् त्यांनी गोळी सोडली. "आता कायले खाऊ? बरा झालो ना मी."

काका ओट्यावर ठाण मांडून बसले. "धानाच्या बांधीत पानी थांबलं म्हनून कोनी धुरा फोडते का, भाऊ? धुरा हाय म्हनून तं पानी थांबलं." धुरा म्हणजे बांधीचा, भातखाचराचा बांध.

"तू घरी जाऊन जेव."

"तुही गोळी झाल्यावर जेवतो. सोडाची असन तं डॉक्टरले इचारून सोड."

काका हलेनात. शेवटी बाबांनी चिडून गोळी गिळली. काकांनी त्यांना जीभ बाहेर काढून दाखवायला लावली. आई पदरात तोंड लपवून हसत होती.

मग काका हळूच म्हणाले, "इंदूचा रिपोर्टबी असाच चांगला आलता. आमी गोळी बंद केली अन् पेढे वाटले."

आई हसायची थांबली. काकांच्या पत्नी इंदूकाकू पुढची धानकापणी पाहू शकल्या नाहीत. ते पेढे आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी हाक आलीच नाही. बाबा काठी घेऊन निघाले, मी मागोमाग. काका तापाने फणफणत खाटेवर पडले होते. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांची पट्टी उशाशी तशीच होती.

बाबा दारातूनच म्हणाले, "सुखदेव, तुही गोळी राहिली का?"

काका उठून बसले.

"हे इंदू इचारे. ती गेल्यावर मले कोनी इचारलंच नाही, भाऊ."

बाबांनी पाण्याचा गिलास पुढे केला. काकांनी गोळी गिळली, डोळे पुसले, आणि कोणी न सांगता जीभ बाहेर काढून दाखवली.