भिंगराव मेकॅनिक पारखतात

ब्रेक दाबला की गाडी खर्र करायची. तक्रार एवढीच होती. एखाद्या सरळ माणसाने गाडी मेकॅनिककडे नेली असती, ब्रेक करून घेतला असता, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण गाडी भिंगरावांच्या घरची होती.

भिंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ऑफिसात तपासणी विभागात होते आणि दुसऱ्याच्या कामातली चूक हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून ऑफिसने त्यांना हे नाव ठेवलं होतं, तेही त्यांच्या पाठीमागे. (भिंगरावांना ते माहीत होतं. मनातून आवडतही होतं.)

गाडी मूळची त्यांच्या सासऱ्यांची. सासरे गेले, गाडी राहिली, आणि लेकीने ती हट्टाने ठेवून घेतली. इतकी वर्षं ती चालली ती एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या जिवावर. तो गॅरेज बंद करून मुलीकडे राहायला गेला आणि गाडी पोरकी झाली. कंपनीच्या शोरूममध्ये नेली, तर काउंटरवरच्या माणसाने "काय झालंय?" असं विचारलंच नाही. "अजून आहे?" असं विचारलं.

आणि नेमकं सोमवारी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ते त्यांनी आधीच बरेच महिने पुढे ढकललं होतं. "डोळ्याला पट्टी बांधून मी परक्या गाडीत बसणार नाही," असं त्यांचं म्हणणं. "ह्यांच्या गाडीने न्या. नाहीतर राहू दे, दिसतंय तेवढं पुरे आहे मला." दिसत किती होतं म्हणाल, तर मागच्याच आठवड्यात त्यांनी खुंटीवरच्या कोटाला जावईबापू समजून चहा घेणार का म्हणून विचारलं होतं. कोट काही बोलला नाही, याचंही त्यांना नवल वाटलं नव्हतं.

"मी बघतो मेकॅनिकचं," भिंगराव म्हणाले. "सोमवारी गाडी दारात उभी असेल."

"नुसता ब्रेक करून आणा," बायको म्हणाली. "बाकी काही करू नका."

"अगं, ब्रेक कोणीही करेल. आधी माणूस पारखला पाहिजे."

"कसा पारखणार? तुम्हाला स्टेपनी बदलता येत नाही."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे भिंगरावांना ते झोंबलं. पण तपासणी विभागात एक जुनी युक्ती होती. कोण नीट काम करतो ते बघायचं असेल, तर आपणच मुद्दाम एक चूक पेरायची आणि कोणाला सापडते ते बघायचं. संध्याकाळी ते खाली गेले, बॉनेट उघडलं आणि एका प्लगची वायर उपटून अर्धवट लोंबकळत ठेवली. गाडी लगेच गचके खायला लागली. आता जो मेकॅनिक म्हणेल, "साहेब, वायर निघालीय, बसवली, झालं," तो आपला. बाकीचे चोर. भिंगराव स्वतःवर इतके खूश झाले की वर येताना चार वेळा शीळ वाजवली.

पहिल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. मान तिरपी करून त्याने गाडीचं कण्हणं ऐकलं आणि डोळे मिटले.

"इंजिन उतरवावं लागेल."

"पूर्ण?" भिंगरावांनी आनंद लपवत विचारलं.

"अर्धं उतरवता येत नाही, साहेब."

"बरं झालं सांगितलंत," असं म्हणून भिंगराव गचके खात घरी आले. चोर पकडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"ब्रेक झाला?" बायकोने विचारलं.

"एक बाद झाला."

"ब्रेक?"

"मेकॅनिक."

दुसरा मेकॅनिक पहिल्याहून हुशार निघाला. त्याने बॉनेट उघडलं, भिंगरावांकडे पाठ केली, वायर गुपचूप जागेवर बसवली, आणि मग तासभर उगाच इकडचं तिकडं करत राहिला. शेवटी कपाळ पुसत म्हणाला, "सगळं वायरिंगच गेलं होतं. नवीन टाकलं. बघा आता कशी पळते." भिंगराव त्याला काही बोलले नाहीत. बोलले असते तर पेरलेली चूक उघडी पडली असती. त्यांनी मुकाट्याने त्याचं बिल दिलं आणि घरी येऊन वायर पुन्हा उपटली. वायर आता सवयीने पटकन निघत होती.

"ब्रेक?" बायको म्हणाली.

"अगं, परीक्षा चालू आहे."

"सोमवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, की मेकॅनिकची परीक्षा? मला एकदा सांगून ठेवा."

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, जी भिंगरावांना ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला गेल्यावर बायको गाडी घेऊन आईकडे निघाली. ऐन चौकात गाडीने तीन गचके दिले आणि मान टाकली. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. एक स्कूटरवाला थांबला, त्याने बॉनेट उघडलं, वायर दाबून बसवली आणि हात झाडले. "झालं, ताई. माझं गॅरेज लॉन्ड्रीच्या मागे आहे. पण एक सांगतो. ही वायर आपोआप निघत नाही. कुणीतरी हाताने ओढलीय." तिने ब्रेकचंही सांगितलं. तो म्हणाला, घेऊन या, करून देतो.

कुणीतरी ओढलीय म्हटल्यावर बायकोला क्षणभरही विचार करावा लागला नाही. वरच्या मजल्यावरचे काका. फाटकाजवळ गाडीचं तेल गळतं म्हणून त्यांनी वर्षभर डोकं खाल्लं होतं. नवऱ्याला मात्र तिने यातलं अक्षरही सांगितलं नाही. त्याला सांगितलं की चौकशी सुरू होणार, आणि चौकशी सुरू झाली की जेवतानासुद्धा साक्षी घेतल्या जातात, हा तिचा अनुभव होता. तिने ठरवलं, काकांना आपणच बघून घ्यायचं.

शुक्रवारी भिंगरावांनी ऑफिसातून लवकर सुटका करून घेतली. तिसऱ्या मेकॅनिकचा पत्ता त्यांना शेजारच्या टेबलावरून मिळाला होता: लॉन्ड्रीच्या मागे. गाडी एकही गचका न खाता लोण्यासारखी चालली. यावर कुणालाही शंका आली असती. भिंगरावांना आली नाही. 'नादुरुस्त गाडीसुद्धा आपल्या हाताखाली कशी गुमान चालते,' असा विचार करून ते आरशात स्वतःकडे बघून किंचित हसले.

तिसऱ्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली. उतरला आणि म्हणाला, "ब्रेकचं काम आहे. इंजिनाला काही झालेलं नाही."

"गचके खाते."

"नाही खात."

"अहो, खाते."

"आत्ता फिरवली ना मी. नाही खात."

भिंगरावांनी सुस्कारा सोडला. तीन दिवसांचा वैताग त्यांच्या आवाजात उतरला. "हे बघा, तुम्ही माणूस वाईट दिसत नाही. पण तुमचं लक्ष नाही कामात. साधी सुटलेली वायर तुम्हाला दिसत नाही. पहिला चोर होता, दुसरा महाचोर होता, पण त्यांना निदान गाडीला काहीतरी झालंय एवढं तरी कळलं." असं म्हणून त्यांनी झोकात बॉनेट वर केलं आणि बोट दाखवलं.

वायर जागच्या जागी घट्ट बसलेली होती.

भिंगराव तसेच बोट दाखवून उभे राहिले. बोट खाली घ्यायचं की वर, हे त्यांना सुचेना.

"ती ना?" मेकॅनिक म्हणाला. "ती मीच बसवली. काल, चौकात. ताई होत्या गाडीत. भर रस्त्यात बंद पडली होती बिचाऱ्यांची."

"हो का," भिंगराव म्हणाले. बोट त्यांनी खिशात घातलं.

"तुम्हाला कसं कळलं पण, वायर सुटली होती ते?"

भिंगराव खोकले. मेकॅनिकने त्यांच्याकडे बघितलं, वायरकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "मी ताईंना म्हटलं होतं, घराजवळ कुणी खोडसाळ माणूस आहे का बघा. त्या म्हणाल्या, आहे, वर राहतो. उद्या संध्याकाळी त्याच्याकडे बघतेच म्हणाल्या, म्हणजे आजच."

भिंगरावांनी घाईघाईने बॉनेट बंद केलं. वर राहणाऱ्या काकांची रोजची जागा म्हणजे बाल्कनी, आणि ती बाल्कनी बरोबर गाडीच्या वर होती.

ते घरी पोचले तेव्हा फाटकाशी युद्ध रंगात आलं होतं. बायको पदर खोचून उभी, समोर काका लुंगीवर आणि वर्तमानपत्राची गुंडाळी हातात.

"तेलाचे डाग पडतात म्हणून कोणी वायर ओढतं का? माझी आई सोमवारी या गाडीतून ऑपरेशनला जाणार आहे. वाटेत बंद पडली असती म्हणजे?"

"अहो सूनबाई, पण मी गाडीला हात कशाला लावू?"

खरं सांगायचं तर भिंगरावांना इथे गप्प राहता आलं असतं. एक क्षण ते राहिलेही. काकांबद्दल त्यांचंही मत फारसं चांगलं नव्हतं. पण काकांची नजर त्यांच्यावर पडली आणि काकांचा चेहरा उजळला.

"हे काय, आलेच हे," काका म्हणाले. "यांनाच विचारा. रोज संध्याकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून उभे असतात. मला वाटायचं, घरात काही बोलता येत नाही म्हणून तिथे बोलत असतील."

बायकोने वळून बघितलं. तेवढ्याने भागलं. काकांची मात्र तिने तिथेच, सगळ्यांसमोर, दोनदा माफी मागितली. जिना चढताना भिंगरावांनी सांगायचा प्रयत्न केला की पद्धत योग्यच होती, फक्त निकाल जरा वेगळा लागला.

"माणूस सापडला ना शेवटी?" ते म्हणाले.

"सापडला," ती म्हणाली. "मला. चौकात. परीक्षा न घेता."

शनिवारी ती एकटीच गाडी घेऊन लॉन्ड्रीच्या मागे गेली. मेकॅनिकने दुपारपर्यंत ब्रेक करून दिला. पुढेही गाडी बघायला तो तयार झाला, पण एका अटीवर. "गाडी तुम्ही आणत जा, ताई. साहेब नकोत. आम्हालाही भरवशाचं गिऱ्हाईक लागतं." जाता जाता त्याने बॉनेटला एक लहानसं कुलूपही बसवून दिलं. त्याची एक किल्ली बायकोच्या पर्समध्ये असते. दुसरी, अडीअडचणीला हवी म्हणून, वरच्या काकांकडे.

सोमवारी गाडी दारात उभी होती. भिंगरावांचा शब्द खरा झाला, हे त्यांच्याशिवाय कोणी बोललं नाही. सासूबाई पुढे बसल्या, आपल्या नेहमीच्या जागेवर, आणि दारावरून हात फिरवत म्हणाल्या, "ह्यांचीच गाडी." त्यांचा आवाज जरा भरून आला होता. भिंगराव औषधांची पिशवी घेऊन मागे बसले. ऑपरेशन झटपट झालं आणि डॉक्टर म्हणाले, फार उत्तम झालं.

परत येताना चौकात गाडी थांबली. सासूबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्याने मुळातच फारसं दिसत नव्हतं. त्यांनी कान टवकारले.

"गाडी बंद पडली का गं?"

"नाही आई. सिग्नल आहे."

सासूबाईंनी कान मागच्या सीटकडे वळवला.

"जावईबापू मागेच बसलेत ना?"

"हो."

"हात कुठे आहेत त्यांचे?"

बायकोने आरशात बघितलं. भिंगरावांनी दोन्ही हात मुकाट्याने पिशवीवर ठेवले.

"पिशवीवर आहेत, आई."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि निश्चिंतपणे मान मागे टेकवली.