प्रमाणित स्थानिक

बुडापेस्टच्या आठव्या विभागात गिझेलाबाईंची खाणावळ आहे आणि तिथे खिडकीजवळच्या टेबलावर रेझो रोज दुपारी जेवतो, ही बाब शासनाच्या निदर्शनास येण्याचं काहीएक कारण नव्हतं. रेझो निवृत्त ट्रामचालक. बायको गेल्यापासून दिवसातलं एकमेव गरम जेवण आणि एकमेव संभाषण त्याला त्या टेबलावर मिळे. जेवण म्हणजे बहुधा आंबट सायीत शिजवलेली, शेपू घातलेली भोपळ्याची दाट भाजी आणि वर एक खिम्याचा वडा. संभाषण म्हणजे समोर जो बसेल त्याच्याबरोबर सरकारला शिव्या. टेबलं सगळ्यांची सामाईक. "बसू का?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट न पाहता बसायचं.

एक दिवस तशीच एक नॉर्वेची मुलगी समोर बसली. पाठीवर तिच्याएवढंच ओझं. पाव खाऊन देश पाहणाऱ्यांपैकी ती होती. रेझोला तिची दया आली. त्याने आपला अर्धा वडा तिच्या ताटात सरकवला. आयुष्यात इतकी महागडी चूक त्याने ट्राम चालवतानाही केली नव्हती.

मुलीने त्याच संध्याकाळी जगाला कळवलं, की इथे एकही पर्यटक येत नाही, फक्त अस्सल स्थानिक येतात आणि ते आपल्या ताटातलं देतात. पुढच्या आठवड्यापासून, जिथे एकही पर्यटक येत नाही अशी जागा शोधणारे यच्चयावत पर्यटक तिथे येऊ लागले. रांग गल्लीच्या टोकाला गेली. रोजची गिऱ्हाइकं, रेझोसुद्धा, दोनदा-तीनदा उपाशी परतली आणि मग यायचीच बंद झाली. तेव्हा पर्यटकांनी लेखी तक्रार केली की खाणावळीत स्थानिक नाहीत, ही शुद्ध फसवणूक आहे.

तक्रार 'पारंपरिक आस्वाद व अल्पखर्ची पर्यटन कक्षा'कडे गेली. कक्षाचे उपप्रमुख हेगेदूश स्वतः आले आणि रांगेला वळसा घालून थेट स्वयंपाकघरात शिरले.

"बाई, नियमाप्रमाणे प्रत्येक अस्सल भोजनस्थळी किमान एक दृश्यमान स्थानिक हवा," ते म्हणाले. "नसेल तर परवाना रद्द."

"होते की भरपूर! तुमच्या पाहुण्यांनीच हाकलले."

"पूर्वीचे स्थानिक अप्रमाणित होते."

गिझेलाबाई त्याच दुपारी रेझोच्या घरी गेल्या. "रेझो, नाही म्हणू नकोस. खिडकीजवळची जागा कायम तुझी. तू नुसतं जेवायचंस."

"ते तर मी करतच होतो," रेझो म्हणाला. पण जागा परत मिळतेय म्हटल्यावर त्याला कोण आनंद झाला!

नियुक्ती झाली. पहिल्याच दिवशी ताटात भोपळ्याऐवजी गुयाश, म्हणजे मांसाचा लालभडक रस्सा, आलं. मंजूर पारंपरिक पदार्थांत भोपळ्याची भाजी बसत नव्हती, कारण ती कुठलाही पर्यटक मागवत नव्हता. ती फक्त हंगेरियन लोक खात. दुसऱ्या दिवशीही गुयाश. तिसऱ्या दिवशी गुयाशबरोबर भरतकाम केलेलं जाकीट आणि चिकटवायच्या मिशा आल्या.

"अहो, मला माझ्या मिशा आहेत," रेझो म्हणाला.

"त्या फोटोत दिसत नाहीत, काका," कक्षाकडून आलेली मुलगी म्हणाली. "आणि सरकारला शिव्या देऊ नका. पर्यटकांना त्या कळत नाहीत, पण हेगेदूशसाहेबांना कळतात."

रेझोने हेही सोसलं. गुयाशमध्ये मिशा बुडवत तो बसे, मान डोलावी, अनोळखी पोरांना ताटातलं देई. हे देणंही आता त्याच्या कर्तव्यांत मोडत होतं. आपण उपाशी उठतो हे त्याने गिझेलाबाईंना कधी सांगितलं नाही. परवाना जाईल ही भीती.

मग तपासणी आली. हेगेदूश समोर बसले. पर्यटक फोन उगारून उभे राहिले. बिअर आली.

"आता उत्साहाने ग्लासाला ग्लास भिडवा," हेगेदूश म्हणाले.

रेझोचा हात जागीच थांबला. "बिअरचा?"

"बिअरचाच."

"साहेब, १८४९ साली आमच्या सेनापतींना फाशी देऊन ऑस्ट्रियावाल्यांनी बिअरचे ग्लास भिडवले होते म्हणतात. तेव्हापासून हंगेरियन माणूस बिअरचा ग्लास भिडवत नाही. माझ्या आज्याने भिडवला नाही, बापाने नाही. तुमच्या बापाने भिडवला होता?"

हेगेदूश गोरेमोरे झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्या बापाचं सोडा. पर्यटकांना अपेक्षा आहे."

"मग पर्यटकांनी भिडवावा."

शेजारच्या टेबलावरच्या सँडर नावाच्या डच पोराने लगेच भिडवला, ओरडला, आणि टाळ्या पडल्या. त्याला मिशाही झकास होत्या. अहवालात रेझोबद्दल 'हंगेरियन वर्तनाचा अभाव' अशी नोंद झाली. त्याचं जाकीट काढून सँडरला चढवलं. जेवायचं असल्यास रेझोने पर्यटकांच्या रांगेत उभं राहावं, अशी त्याला सूचना मिळाली.

तो उभा राहिलाही. दार जवळ आलं तेव्हा भांडी आवरायला घेतली होती. आत सँडर एका जपानी जोडप्याला गुयाश भरवत होता. गिझेलाबाईंनी काचेतून बाहेर उपाशी उभ्या रेझोला पाहिलं, आणि या बाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं गल्लीने पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी रांगेसमोर, साहेबांसमोर, परवाना भिंतीवरून काढला आणि हेगेदूशांच्या हातात ठेवला.

"घ्या. सँडरकडून स्वयंपाकही करून घ्या."

त्यांनी भोपळ्याच्या भाजीचं, इतके दिवस रिकामं पडलेलं पातेलं उचललं आणि रेझोला हाक मारली.

हल्ली रेझो पुन्हा जेवतो. एक तळघर आहे, एक लांब टेबल, जुनीच मंडळी, शेपूचा वास, सरकारला शिव्या. दारावर पाटी नाही. स्वस्त आहे आणि पर्यटक एकही नाही.

पत्ता विचारण्यासाठी तुम्ही तोंड उघडलंत, ते कळलं. तुम्ही काही त्या इतरांसारखे नव्हेत, गुपचूप जाल, एका कोपऱ्यात बसाल, कोणाला सांगणार नाही. मान्य. रांगेतला प्रत्येक जण अगदी हेच म्हणत होता.