कात्रीबहाद्दरांनी प्लास्टिकच्या गिटारीचे युद्ध जिंकिले त्याची हकिकत

श्रोते सावध असावे. तोफाबंदुकांच्या लढाया लिहिणारे उदंड जाहले, परंतु पाच बटणांच्या खेळण्यापुढे एका कर्त्या पुरुषाचा हात कैसा नामोहरम जाहला आणि मग कैसा सावरला, हे लिहावयास कोणी बसले नाही, सबब आम्हांस बसणे प्राप्त जाहले. घडले तैसे लिहिले आहे, तिखटमीठ चवीपुरते.

खासे कात्रीबहाद्दर म्हणजे घरचे बाबा. केस कापावयाचे दुकान, दोन खुर्च्या, दोन आरसे, अंमल सव्वीस वर्षांचा. दिवसाकाठी दहा तास कात्री चालवावी आणि हाताने हूं की चूं करू नये, ऐसी ख्याती. त्यांची एकुलती कन्या, घरात धाकट्या सरकार म्हणोन प्रसिद्ध, वय बावीस. त्यांस परगावच्या नोकरीचे फर्मान येऊन बुधवारी सकाळच्या आठाच्या बसने कूच करणे मुक्रर जाहले होते. आणि घरातले तिसरे माणूस म्हणजे आईसाहेब, ज्यांचा या युद्धाशी संबंध इतुकाच, की त्याचा खडखडाट ऐकोन त्यांचे कान किटले होते.

वैराचे मूळ ऐसे. धाकट्या सरकार दहावीत असता घरात व्हिडिओ गेमचा सरंजाम दाखल जाहला, त्यासमवेत दोन प्लास्टिकच्या गिटारी. तारेचा पत्ता नाही, मानेवर पाच रंगीत बटणे आणि पोटावर एक खटका. टीव्हीवरून रंगीत ठिपके फौज बांधोन चाल करून येतात, ज्या रंगाचा ठिपका त्या रंगाचे बटण डाव्या हाताने दाबावे आणि उजव्याने खटका मारावा, म्हणजे ठिपका गारद. दोघांनी मिळोन गाणे पार करावयाचे. एक पडला की दोघेही पडले. ऐसी सारी गाणी बापलेकींनी काबीज केली, परंतु शेवटले, सात मिनिटांचे, सहा वर्षे हाती लागले नाही. पाचव्या मिनिटास बाबांचा डावा हात मनगटापासोन कोपरापर्यंत भरून येई, बोटांची लाकडे होत, आणि मग उभयतांचा मोड होई. आता कन्या निघाली, तेव्हा मंगळवारपावेतो गाणे सर न जाहल्यास मग कधी होणार, ही तळमळ बाबांच्या जिवास लागली. सुट्टीत येऊन खेळू, ऐसा तह धाकट्या सरकारांनी मांडिला, तो बाबांनी साफ फेटाळिला.

रविवारी बाबांनी निकराचे अकरा हल्ले केले आणि अकराही फसले. सोमवारी दुकानी हाती कंगवा ठरेना. त्यात गिऱ्हाईक आले ते शाळेतले चित्रकलेचे मास्तर, आणि त्यांचा एक कल्ला वर, एक खाली ऐसा गेला. मास्तरांनी आरशात एक डोळा मिटोन माप घेतले आणि निघोन गेले, हे बाबांस फार लागले. मग घरी येऊन हातास मलम चोळिले, फडक्याने शेक दिला, मनगटास पट्टा आवळिला आणि पुन्हा गिटार गळ्यात घातली. आईसाहेब भाजी निवडता निवडता हे पाहत होत्या. गेमातला गवई गिटार गुडघ्यापर्यंत लोंबवितो म्हणोन बाबांनीही लोंबविली होती. पाठ वाकली, मनगट दुमडले, खांदे कानांस भिडले, आणि बटणे जणू पळून जातील ऐसी आवळिली होती. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ऐसा शेरा मारोन आईसाहेबांनी मोहिमेची सूत्रे आपल्या हाती घेतली.

मंगळवार दुकानाचा सुट्टीचा वार. हुकूम सुटला की टीव्ही चादरीत गुंडाळोन दुकानी न्यावा. मग धाकट्या सरकार टीव्ही घेऊन पुढे, बाबा दोन गिटारी घेऊन मागे, आणि आईसाहेब गेमचा डबा, वायरींचा गुंता व किल्ल्या घेऊन मधोमध, ऐसी स्वारी रस्त्याने चालली. कंगवे-वस्तरे हटवोन आरशापुढच्या फळीवर टीव्ही मांडिला, आणि मग दुसरा हुकूम जाहला, की बाबांनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसावे.

बाबा थबकले. सव्वीस वर्षे त्या खुर्चीमागे उभे राहिले, परंतु तीत बसले नव्हते.

"अहो, गिऱ्हाइकासाठी खुर्ची दिवसातून पन्नास वेळा वरखाली करता," आईसाहेब म्हणाल्या, "स्वतःसाठी एकदा करायला काय झालं?"

बाबा बसले. शेजारच्या खुर्चीत धाकट्या सरकार बसल्या. आईसाहेबांनी पायाने दांडा दाबोन खुर्ची बेताची चढविली, गिटार मांडीवर टेकविली, तिचा पट्टा वीतभर आखूड केला आणि मनगट सरळ करविले. मग कलमे सांगितली, की बटणास बोट लावावे, त्याचा गळा दाबू नये. खटका मनगटाने मारावा, खांद्याने नव्हे. एक गाणे जाहले की हात खाली सोडोन शंभर मोजावे. आणि हल्ले तीनच, चवथा मागितल्यास टीव्ही बंद.

पहिला हल्ला पाचव्या मिनिटास फसला. शंभर मोजिले. दुसरा सहाव्यास फसला, परंतु हात भरला नव्हता, हे बाबांनी बोटे उघडमीट करोन पाहिले आणि त्यांस आश्चर्य वाटले. मग तिसरा सुरू जाहला. सहावे मिनिट लागले, ठिपक्यांची गर्दी जाहली, आणि बाबांचे खांदे पुन्हा कानांकडे चढू लागले. आईसाहेब खुर्चीमागे, बाबांच्या नित्याच्या जागी उभ्या होत्या. त्यांनी आरशात पाहिले आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेविले.

"मान सरळ. खांदे सैल सोडा."

हेच वाक्य बाबांनी आजवर हजारो गिऱ्हाइकांस सांगितले होते. त्यांस सांगणारे कोणी भेटले नव्हते. खांदे उतरले, बोटे सुटली, सातवे मिनिट गेले आणि गाणे सर जाहले. धाकट्या सरकारांनी हसता हसता डोळे पुसले. परतताना टीव्ही बाबांनीच उचलिला, आणि कोणास हात लावू दिला नाही.

बुधवारी आठास बस हलली. बाबा हात उंचावोन उभे होते आणि खांदे कानांस जाऊन भिडले होते. खिडकीतून धाकट्या सरकारांनी डोके बाहेर काढिले.

"बाबा, खांदे."

बाबांनी खांदे सोडिले, आणि मग बस दिसेनाशी होईपावेतो हात हलवीत राहिले. हात दुखला नाही. मोहीम फत्ते जाहली, ती दुकानचे दोन्ही आरसे साक्षीस ठेवोन येथे नोंदविली असे.