एका टाचणीतले दोन अर्ज

सरकारी लिफाफा फाडून जयवंताबाई रामटेके यांनी आतल्या कागदाची पहिली ओळ वाचली आणि त्या मटकन खाटेवर बसल्या.

"काय झालं वं?" दाढी करता करता त्यांच्या नवऱ्याने, देवरावांनी विचारलं. एका गालावरचा साबण त्यांनी तसाच ठेवला होता.

"माझी निवड झाली."

"मग तोंड पाडून काहून बसली? बरं झालं न!"

"दाई म्हणून झाली."

देवरावांनी वस्तरा खाली ठेवला आणि कागद हातात घेतला. त्यात सरळसरळ लिहिलं होतं की, आपली दाई-प्रशिक्षण वर्गासाठी निवड झाली असून आपणास एक महिना स्वच्छतेचे व सुईणपणाचे प्राथमिक शिक्षण देण्यात येईल. येताना ताट आणि तांब्या आणावा. नखे कापून यावे. सही येत नसल्यास अंगठा चालेल.

जयवंताबाईंना सही येत होती. बारा वर्षं त्या हुडकेश्वरच्या आरोग्य उपकेंद्रावर नर्स होत्या. जरीपटक्याजवळच्या घरापासून तिथपर्यंत रोज सायकल हाणत जायच्या आणि यायच्या, आणि त्यांच्या रजिस्टरात चारशेवर बाळंतपणांची नोंद होती. त्यांनी अर्ज केला होता तो खेड्यापाड्यांतल्या दायांना शिकवणाऱ्या मान्यताप्राप्त प्रशिक्षिकेच्या जागेसाठी. त्यासाठी समितीसमोर एक धडा देऊन दाखवावा लागे. समिती दोन वर्षांतून एकदा बसे. मागच्या वेळी नेमका धाकट्याला गोवर निघाला आणि तारीख हुकली. आता त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, आणि चाळिशीनंतर अर्ज घेत नसत. म्हणजे हीच शेवटची संधी.

"असं झालं कसं पण?" देवराव म्हणाले.

कसं झालं ते जयवंताबाईंच्या एकदम ध्यानात आलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. हुडकेश्वरच्या तुळसाबाई दाईने प्रशिक्षणाला जावं म्हणून त्या तीन वर्षं तिच्या मागे लागल्या होत्या. "मले कोण शिकवन वं? शिकवणारेच माह्या हातावर जन्मले," असं म्हणून साठी उलटलेली तुळसाबाई दर वेळी उडवून लावायची. शेवटी एकदा एका घरी जुळी सुखरूप झाली, त्या आनंदात तिने फॉर्मवर अंगठा उमटवला. तो फॉर्म आणि स्वतःचा अर्ज जयवंताबाईंनी एकाच लिफाफ्यात, एकाच टाचणीने टाचून पाठवला होता. ऑफिसात कुणीतरी टाचणी काढली असणार आणि कागद उलटसुलट झाले असणार.

"म्हणजे तुह्या जागेवर..." देवरावांना हसू आवरेना.

"हसू नका. येत्या सोमवारी परीक्षा आहे," असं म्हणत जयवंताबाईंनी चपला घातल्या आणि सायकल काढली.

सीताबर्डीच्या आरोग्य खात्याच्या ऑफिसात कृष्णकांत बाबू नावाचे कारकून ही फाईल सांभाळत. त्यांनी जयवंताबाईंचं म्हणणं शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि मान हलवली.

"दुरुस्ती होऊन जाईन. तुम्ही अर्ज द्या."

"हा घ्या. लिहूनच आणला."

कृष्णकांत बाबूंनी यादीवर बोट फिरवलं. "जयवंता रामटेके, प्रशिक्षणार्थी दाई. बाई, हा अर्ज असा डायरेक्ट नाही चालत. दायांचा अर्ज त्यांच्या प्रशिक्षिकेमार्फत येते."

"आमच्या भागाची प्रशिक्षिका कोण?"

बोट पुन्हा खाली सरकलं. "पास झाल्या तर... तुळसाबाई."

"अहो, पण तीच तर चूक आहे न!"

"असन. पण चूक आहे हे मी कसं ठरवू? माझ्यासमोर कागद आहे." मग त्यांना जरा दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणला. "असं करा, सोमवारी त्या बाईले घेऊन या. समितीसमोर तिनंच आपल्या तोंडानं सांगितलं, का साहेब, माझं नाव चुकून आलं, तर अध्यक्ष मॅडम काय ते पाहतीन."

जयवंताबाई तिथून तडक हुडकेश्वरला निघाल्या. ऊन चांगलंच चढलं होतं. वाटेत साखळी पडली ती त्यांनी हातानेच बसवली आणि काळे हात पदराला न पुसता तशाच पुढे गेल्या.

तुळसाबाईच्या अंगणात माणसं जमली होती. शाळेच्या मास्तरांनी तिला पत्र वाचून दाखवलं होतं आणि एकदा वाचून लोकांचं समाधान झालं नव्हतं म्हणून ते आता चौथ्यांदा वाचत होते. तुळसाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून बाजेवर बसली होती.

"ये वं नर्सबाई! आयकलं का? मी सिलेक्ट झाली!"

जयवंताबाईंनी तिला आत नेलं आणि सगळं सांगितलं. तुळसाबाईचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हंजे मले नाई बोलावलं?"

"मावशी, तुम्हाला शिकायला बोलावलं. शिकवायला मला."

"आन साऱ्या गावाले सांगून बसली न मी." मग जयवंताबाईंच्या काळ्या हातांकडे आणि घामेजल्या तोंडाकडे तिचं लक्ष गेलं. "पाणी पे आधी. येतो मी. तुह्यं हक्काचं आहे ते मी कशाले ठेवू? काय सांगाचं तेवढं सांगून ठेव."

जयवंताबाईंनी तिला एकच वाक्य शिकवलं, 'साहेब, माझं नाव चुकून आलं.' सोमवारी सकाळी सायकलरिक्षातून येताना त्यांनी ते तिच्याकडून वीस वेळा म्हणवून घेतलं. एकविसाव्या वेळी तुळसाबाई म्हणाली, "आता जर आणखीन म्हणाले लावलं, तर मी वापस जातो."

परीक्षेच्या हॉलमध्ये पुढे टेबलामागे समिती बसली होती. अध्यक्ष डॉक्टर सिंधूताई, चष्मा नाकावर आणि बोलणं थोडकं. शेजारी अधिकारी मधुकरराव, नियमांची जाडजूड फाईल उराशी घेऊन. खाली सतरंजीवर वेगवेगळ्या गावांहून आलेल्या दहा दाया, धडा ऐकायला आणून बसवलेल्या. त्यांतल्या चौघी आल्या आल्याच पेंगू लागल्या होत्या.

"तुळसाबाई!" शिपायाने पुकारा केला.

दोघीही उठल्या. जयवंताबाईंच्या काखेत तक्त्याची गुंडाळी होती आणि हातात पिशवी. शिपायाने त्यांच्या आडवा हात घातला. "तुमचं नाव?"

"जयवंता रामटेके, पण..."

"प्रशिक्षणार्थी तिकडं. सतरंजीवर बसा."

"ऐका तर! मी..."

"बाई, बसून घ्या," मधुकरराव फाईलमधून मान वर न करता म्हणाले.

जयवंताबाई बसल्या. चालेल, त्यांनी मनाशी म्हटलं, वाक्य तर तिलाच बोलायचं आहे. तुळसाबाई टेबलापर्यंत गेली, तिने हात जोडले आणि तोंड उघडलं. "सायेब, माह्यं नाव..."

एवढ्यात तिची नजर टेबलावर गेली. धड्यासाठी तिथे लाकडी कमरेचा सांगाडा आणि त्यात एक कापडी बाळ ठेवलं होतं. शिपायाने ते बाळ पाय खाली आणि तोंड वर असं कोंबलं होतं.

"हे कोणं ठेवलं?" तुळसाबाई कडाडली. शिपाई दोन पावलं मागे सरला. "असं लेकरू राह्यलं तर माय जीवानिशी जाते! डोक्शाची टाळू खाली पायजे, हनुवटी छातीले. हे असं!" तिने बाळ ओढून काढलं आणि नीट बसवलं. पेंगणाऱ्या चौघी जाग्या झाल्या.

"पुढे सांगा," डॉक्टर सिंधूताई म्हणाल्या.

वाक्य राहिलं ते राहिलंच.

"लाकडाच्या कमरेले काय समजाऊ?" तुळसाबाईने सतरंजीवर नजर फिरवली. "जिवंत बाई पायजे. ये वं जयवंता, लेट इथं."

जयवंताबाई ताडकन उभ्या राहिल्या. हीच वेळ होती. "मॅडम, मला काही सांगायचं आहे. ही सगळी चूक..."

"पाहा," तुळसाबाई दायांकडे वळून म्हणाली, "पहिलटकरीण असीच मधातच उठते. तिले वाटते, आपलं काहीतरी चुकलं. रागवाचं नाई. खांद्यावर हात ठेवाचा आन खाली बसवाचं." तिने खांद्यावर हात ठेवला. चाळीस वर्षं बायकांना बसवलेला हात तो. जयवंताबाई बसल्या.

"मला बोलू द्या हो!"

"कळा सुरू झाल्या का असंच वरडते. वरडू द्या. पण मुठी पाहा तिच्या, कशा आवळल्या! मुठी आवळल्या का सारं अंग आवळते." तिने जयवंताबाईंचं एकेक बोट उघडलं. हॉलमध्ये खसखस पिकली. मधुकररावांनी फाईल मिटली.

"मावशी, तुम्हाला काय शिकवलं होतं मी?" जयवंताबाई दातओठ खात पुटपुटल्या.

"आन हे पाहा, या टायमाले थे मायले बोलते, सासूले बोलते, दाईलेबी बोलते. मनावर घेऊ नोका."

मग तुळसाबाईने त्यांना कुशीवर वळवलं आणि कमरेच्या खालच्या भागावर तळवा टेकवून सावकाश दाबलं. "पोट दाबाचं नाई. कदीच नाई. इथं दाबाचं. आन उगाच जोर लाव, जोर लाव म्हणून तिच्या डोक्शावर बसाचं नाई. तिचं नाव घेऊन बोलाचं. जयवंता, झालं वं माय, आता थोडंच राह्यलं."

जयवंताबाई ओरडायचं विसरल्या. त्यांची स्वतःची दोन्ही बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. तिथे स्वच्छता होती, सगळं वेळेवर होतं, आणि 'गप पड, तमाशा करू नको' एवढंच कुणीतरी म्हणालं होतं. त्यांच्या तक्त्यावर हात धुणं होतं, दोरा होता, नाळ होती. हे कुठे नव्हतं. डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी तोंड सतरंजीत लपवलं.

"लय चांगली करून राह्यली वं नाटक," एक दाई दुसरीला म्हणाली.

"झालं बाळंतपण," तुळसाबाईने कापडी बाळ उचललं. "आता नाळ. घरातला चांगला धारेचा विळा घ्याचा, चुलीतली राख लावाची..."

"विळा नाही!"

बाळंतीण उठून बसली होती. तिचे केस सुटले होते आणि आवाज असा होता की शिपाईही दाराशी थबकला.

"विळ्यानं गवत कापता, त्यानंच नाळ कापता? आणि राख? मावशी, तुमच्या गावातल्या ताराच्या लेकराला आठव्या दिवशी आकडी आली, आठवते का? दूध ओढेना, अंग लाकडासारखं झालं. तुम्ही म्हटलं, बाहेरचं झालं. ते बाहेरचं नव्हतं. ते विळ्यावरचं होतं, धनुर्वात होता तो."

तुळसाबाई बाळ हातात धरून उभी राहिली. जयवंताबाई थांबल्या नाहीत. तिथेच सतरंजीवर बसून त्यांनी पिशवीतून नवं ब्लेड आणि दोरा काढला. दोन्ही किती वेळ उकळायचं, दोरा कुठे बांधायचा, दोन गाठींच्या मधे कसं कापायचं, वर काहीही का लावायचं नाही, हे सगळं त्या बाळाच्या कापडी नाळेवर करून दाखवलं. मग एकेका दाईच्या हातात ब्लेड देऊन करायला लावलं. सगळ्यात शेवटी ब्लेड तुळसाबाईपुढे धरलं.

तुळसाबाईने नाळ कापली.

"हे मले आधी काहून नाई सांगितलं वं?" ती हळूच म्हणाली.

"तीन वर्षं सांगतेच आहे."

"थे तू तक्ता दाखवून सांगत होती," तुळसाबाई म्हणाली. मग ती टेबलाकडे वळली आणि घाईघाईने हात जोडून बोलून टाकलं, "सायेब, माह्यं नाव चुकून आलं."

त्यावर बराच गोंधळ उडाला. कृष्णकांत बाबूंना बोलावणं गेलं. मधुकररावांनी नियम काढला की यादीतल्या नावाच्या व्यक्तीने धडा दिला असल्याने तीच पास झाली. कृष्णकांत बाबूंनी सांगितलं की दुरुस्तीचा अर्ज प्रशिक्षिकेमार्फत येणं जरुरी आहे. जयवंताबाईंनी पदर सावरत पहिल्यापासून सगळं सांगितलं, टाचणी आपणच लावली होती हेही सांगितलं. डॉक्टर सिंधूताईंनी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून पाहिले. एकावर वळणदार सही होती, एकावर अंगठा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, यादीतली दोन नावं खोडली, अदलाबदल करून लिहिली आणि खाली सही केली. या सगळ्याला अर्धं मिनिट लागलं.

"जयवंताबाई, तुम्ही पास. पण धड्याचा पहिला भाग तुमचा नव्हता. तेव्हा एक अट. तुमच्या पहिल्या वर्गात तुळसाबाई बसल्या पाहिजेत. त्या न आल्यास मान्यता रद्द."

जयवंताबाईंनी आभारासाठी जोडलेले हात खाली घेतले. जी बाई तीन वर्षं आली नाही, तिच्यावर आता त्यांची सगळी मान्यता टांगली होती.

"मी महिनाभर मांडी घालून काहून बसू?" हॉलबाहेर तुळसाबाई म्हणाली आणि एकटीच जाऊन रिक्षात बसली.

वर्गाचा दिवस उजाडला. हुडकेश्वरच्या उपकेंद्रात जयवंताबाईंनी सतरंजी अंथरली, फळा पुसला, तक्ता टांगला. अकरा वाजले. आठ गावांना निरोप गेले होते, आल्या होत्या फक्त दोघी. साडेअकरा झाले. जयवंताबाई दारात जाऊन आल्या, पुन्हा जाऊन आल्या. बारा वाजता त्यांनी ठरवलं की सायकल काढायची, तुळसाबाईच्या घरी जायचं आणि गरज पडली तर तिला उचलून आणायचं.

त्यांनी सायकलला हात लावला आणि रस्त्यावरून गलका ऐकू आला. पुढे तुळसाबाई, मागे अकरा बायका. काहींच्या डोक्यावर गाठोडी, सगळ्यांच्या हातात ताट-तांब्या.

"येळ झाला वं," तुळसाबाई धापा टाकत म्हणाली. "आठही गावं फिरत आली मी. निरोपानं कोण येते? मी तरी आली होती का?"

बायका दाटीवाटीने बसल्या. तुळसाबाई मधोमध, सगळ्यांत पुढे. जयवंताबाईंनी खडू हातात घेतला आणि सुरुवात केली, "पहिली गोष्ट. बाळंतिणीला हात लावायच्या आधी आपले हात साबणानं, कोपरापर्यंत धुवायचे." सगळ्या जणी तुळसाबाईच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"बुढे," मागून एकीने विचारलं, "हे सांगून राह्यली थे खरं हाय का?"

तुळसाबाईने वळून सगळ्यांवर कडक नजर टाकली.

"खरं हाय. लिहून घ्या साऱ्याजणी!"

त्या चौदा बायकांत एकीलाही लिहिता येत नव्हतं. सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. जयवंताबाईंनी खडू खाली ठेवला, तक्ता गुंडाळला, पदर खोचला आणि त्या बादली भरायला हापशीकडे निघाल्या.