दोन शिटा कमी

"दोनच शिटा! दोन शिटा आल्या की लगीच निघाली!"

दर गुरुवारी सकाळी आमच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकात ही आरोळी उठायची. ती ऐकून एकदा सुरगाण्याकडची एक मावशी नागलीचं गाठोडं घेऊन सरळ आत येऊन बसली. मी नर्स. सुई भरून दंड उघडा करायला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "बाई, तिकिटाला आता दंड बी दाखवाया लागतो का?" मी कपाळाला हात लावला. ही गाडी नाही, कोरोनाची लस आहे, हे तिला नीट समजावलं. तिने थोडा विचार केला. "आलेच हाये तर द्या टोचून," ती म्हणाली, "पर मंग मला पुढची शीट पायजे."

आरोळी देणारे गृहस्थ म्हणजे दौलतनाना. उभा जन्म पेठ नाक्यावरून सुरगाण्याची काळीपिवळी चालवलेला माणूस. साथीच्या दिवसांत मांडव पडला, रांगा लागल्या, पोलीस आले, तेव्हा नाना आपली जीप घेऊन मदतीला आले. मळ्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणायचे आणि टोचून झाल्यावर घरी सोडायचे. मग साथ ओसरली. मांडव गेला, भोंगा गेला, फोटो काढणारे पुढारी तर सगळ्यांच्या आधी गेले. कोरोनाची लस पोरांच्या गोवर-पोलिओच्या शेजारी येऊन बसली. तिच्या वाट्याला गुरुवार, एक टेबल आणि बाळांच्या वजनकाट्यामागचा कोपरा आला. फक्त नाना काही गेले नाहीत. जीपसुद्धा विकून झाली होती, तरी आले.

त्यांना काम मिळालं ते आमच्या बाटलीमुळे. एका बाटलीत दहा जणांची लस. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. मोहिमेत दहा माणसं चुटकीसरशी मिळायची. आता दोन आजोबा येऊन पेपर वाचत बसत आणि आम्ही बाकीच्यांची वाट बघत बसायचो. नानांना हे शिकवावं लागलं नाही. "म्हंजे भरल्याबिगर काढायची नाय," ते म्हणाले. "एवढंच ना?"

मग काय विचारता! भाजीबाजारातून, झेंडूवाल्यांच्या ओळीतून, चहाच्या टपरीवरून नाना माणसं गोळा करू लागले. एकदा तर लग्नाची वरात निघायला उशीर होता, म्हणून अख्खा बँडच्या बँड झगमगत्या गणवेशात माझ्यापुढे आणून उभा केला. कोणत्या हातावर टोचायचं यावर ढोलवाल्याने माझ्याशी इतका वाद घातला की तेवढ्यात वरात निघाली असती.

बसवण्याची पद्धतही त्यांचीच. सुईला घाबरणारे खिडकीजवळ. का, तर गाडीत ज्यांना वांती होते ते खिडकीजवळच बसतात. धिप्पाड माणसं कडेला. तान्ही बाळं आयांच्या मांडीवर, त्यांची शीट धरायची नाही. टोचल्यावर अर्धा तास बसायचा नियम तर त्यांनी मांडवातल्याइतक्याच कडकपणे पाळला. कुणी लवकर उठलं की नाना दारात आडवे. "गाडी थांबल्याबिगर उतरायचं नाय!" त्या अर्ध्या तासात ते प्रत्येकाचं गाव, पीक, सून, गुडघेदुखी सगळं विचारून घेत. नानांचा मुलगा वापीला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी बोलायला भिंती. गुरुवारी मात्र तोंडाला उसंत नसे.

माझं त्यांच्याशी एकच भांडण होतं. नानांचा स्वतःचा बूस्टर राहिला होता. वय झालेलं, वर साखर. मी म्हणायचे, "नाना, नऊ झालेत, दहावे तुम्ही." की हे बाहेर पळालेच, आणि कुणातरी कोथिंबीरवालीला घेऊन हजर. "तिला द्या. डायवरची शीट मोजत नसत्यात." मला त्यांचा राग यायचा आणि काळजीही वाटायची.

एक दिवस डॉक्टर मॅडमनी सांगितलं, "आता मोहीम नाही, ही रोजची सेवा. एक माणूस आला तरी बाटली फोडायची. उरली तर उरली. कुणाला ताटकळत ठेवायचं नाही." चांगलीच गोष्ट होती. फक्त ती नानांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

नानांनी ऐकून घेतलं. "म्हंजे रिकामी पळवायची?"

"हो, नाना."

"मंग बोलवायला मानूस नाय लागत," ते म्हणाले आणि टोपी सारखी करत निघून गेले.

पुढच्या गुरुवारी फाटकात शुकशुकाट होता. नाना आले, पण ओरडले नाहीत. बाळांच्या आयांमध्ये बाकावर बसून राहिले. कोरोनाच्या लसीला त्या दिवशी एकही माणूस फिरकला नाही.

मी बर्फाच्या डब्यातून बाटली काढली आणि त्यांच्यापुढे उभी राहिले. "नाना, बाही वर करा."

"येडं लागलं का, सिस्टर? एका शिटंसाठी गाडी काढता?"

"काढते."

"नऊ शिटा वाया जातील!"

"जाऊ देत." मी त्यांच्यासमोरच बाटलीचं झाकण उडवलं. आता त्यांना पळायला जागा नव्हती. त्यांनी बाही वर केली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. नाना सुईला घाबरतात, हे मला तेव्हा कळलं.

टोचून झाल्यावर ते आपणहून खिडकीजवळ जाऊन बसले. मी चहा घेऊन शेजारी टेकले. बराच वेळ ते दंड धरून बाहेर बघत होते.

"सिस्टर, येवढी वर्सं गाडी चालवली," ते म्हणाले, "भरल्याबिगर कदी काढली नाय. माझ्या एकट्यासाठी कुनी काढंल, असं वाटलं नव्हतं."

मी उगाच घड्याळाकडे बघितलं. "अर्धा तास झाला, नाना. उठलात तरी चालेल."

"बसू द्या," नाना म्हणाले. "आज उतरायची घाई नाय."